छान नको, मीठ सांग

सेतुमाधवरावांनी कुणाला 'नमस्कार' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. बेल वाजवायची, दार उघडलं की डबा पुढे करायचा आणि विचारायचं, "मीठ?" तमिळ शेजाऱ्यांना तेच "उप्पु?" असं विचारायचे.

मी नोकरीसाठी सोलापूर सोडून चेन्नईत, तिरुवान्मियूरच्या त्या इमारतीत राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बेल वाजली. दारात पांढरी वेष्टी नेसलेले, खांद्यावर पंचा टाकलेले एक गृहस्थ. हातात स्टीलचा डबा. सोसायटीची वर्गणी मागायला आले असावेत म्हणून मी खिसे चाचपायला लागलो.

"डांगर आहे. खा. मीठ सांग," गृहस्थ चक्क मराठीत म्हणाले.

परमुलखात शेजारी मराठी निघाला! मला भरून आलं. "तुम्ही महाराष्ट्रातले?"

"अय्यो, नाहीं. आम्ही तंजावरचे. तूं कोठला?"

"सोलापूरचा."

"सोलापूर..." ते विचारात पडले. "आम्ही निघालों तेव्हां होतें काय तें?"

त्यांचं घराणं तंजावरला येऊन कित्येक पिढ्या उलटल्या होत्या, पण ते अशा थाटात सांगायचे की मंडळी परवाच सामान घेऊन उतरलीत असं वाटावं. सेतुमाधवरावांना मी मामा म्हणायला लागलो. ते मला तंबी म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. मी हॉटेलातून पनीर आणि रोटी मागवतो हे कळल्यावर त्यांनी जाहीर केलं, "तूं मराठी बोलतोस तंबी, पण खातोस हिंदी." माझ्या मराठीपणावर इतकी मार्मिक टीका आमच्या सोलापुरातही कुणी केली नव्हती.

मामा वीज खात्यातून निवृत्त झालेले. पत्नी गेलेली, घरात एकटेच. आणि एकट्या माणसाच्या मानाने स्वयंपाक मात्र अचाट. रसवांगी, आंबट भाजी, कटाचं सार, पुरणपोळी. हे सगळं डब्यांतून इमारतभर फिरायचं. आता फुकट मिळणाऱ्या डब्याला कुणी नाही म्हणत नाही, पण मामांच्या डब्याला लोक बिचकायचे. एक तर पहिला घास त्यांच्यादेखत खावा लागायचा. आपण चावत असताना ते आपल्या तोंडाकडे असे बघत राहायचे, जणू आत त्यांचं काहीतरी राहिलंय. वर 'छान' म्हणायची सोय नव्हती. 'छान' म्हटलं की कपाळाला आठी. "छान नको. मीठ सांग." उत्तरं तीनच मान्य होती. कमी, जास्त, बरोबर. वरच्या मजल्यावरच्या पद्मा मामी तर बेल वाजली की टीव्हीचा आवाज बंद करून घरात नसल्याचं नाटक करायच्या.

दुसरी पंचाईत डबा परत करण्याची. तो रिकामा द्यायचा नाही हे खरं, पण ते आपल्याकडे कुठेही असतं. मामांचा पुढचा नियम असा की विकतचं चालणार नाही. मी एकदा भोळेपणाने मैसूरपाक भरून दिला. त्यांनी झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाले, "ह्यानें तुझें स्वयंपाकघर पाहिलें आहे काय?" डबा माझ्याकडेच परत आला, मैसूरपाकासकट.

तेव्हा मला चहासुद्धा धड येत नव्हता. आईला फोन करकरून मी पोहे शिकलो, मग मुगाची खिचडी, मग पिठलं. आई खूश. मुलगा परगावी जाऊन सुधारला! मामांचा अभिप्राय दुसऱ्या दिवशी जिन्यात मिळायचा. "पिठल्यांत मीठ कमी. पोह्यांत जास्त. खिचडी बरोबर, पण करपली." स्वतः मात्र त्यांनी माझ्याकडे कधी घासभरही खाल्लं नाही. कितीही आग्रह केला तरी, "जेवून आलों, पोदुम," म्हणजे पुरे, म्हणून हात वर करायचे. मी समजलो, सोवळं असेल. किंवा मग तोरा.

मला सिरुसेरीच्या ऑफिसला नेणारी कंपनीची बस सकाळी कोपऱ्यावर यायची. तिकडचा रस्ता रुंदीकरणासाठी खणून ठेवलेला, त्यामुळे बस चुकली की दिवस गेला. अशाच एका सकाळी मामा लिफ्टच्या दारात डबा घेऊन उभे. वांग्याची रसवांगी. मी एक घास कोंबला.

"मीठ?"

"एकदम बरोबर, मामा!" म्हणत मी पळालो.

संध्याकाळी परत आलो तर मामा जिन्यात बसलेले. "तंबी, सकाळची रसवांगी?"

"फक्कड."

"मीठ?"

"एकदम बरोबर. सांगितलं ना."

"त्यांत मीठ घातलेंच नव्हतें," मामा शांतपणे म्हणाले. "मुद्दाम. तूं दरवेळीं बरोबर म्हणतोस, म्हणून संशय आला." उठले, पंचा झटकला. "छान म्हणणारे पुष्कळ मिळतात रे. मीठ सांगणारा मिळत नाहीं."

त्यानंतर डबा बंद. एका वाटीभर रसवांगीवरून एवढा रुसवा! मी मनातल्या मनात त्यांना विक्षिप्त, हेकट, जे जे सुचेल ते म्हणून घेतलं. पण कॅन्टीनचं जेवण जेवून जेवून माझाच नक्षा उतरला. शेवटी शरण गेलो, यापुढे खरं सांगेन असा शब्द दिला. दुसऱ्या दिवशी सार आलं. मी नीट चव घेतली आणि भीत भीत म्हणालो, "जरासं कमी आहे." मामांचा चेहरा असा उजळला, जणू मी त्यांना पुरस्कारच दिला.

एका रविवारी मी त्यांच्या डब्यातून पोहे देऊन आलो आणि पाहतो तर डब्याचं झाकण माझ्याच ओट्यावर. ते घेऊन परत गेलो. दार अर्धवट उघडं होतं.

टेबलाशी सेल्वी बसली होती, आमच्या मजल्यावर भांडी घासायला येणारी. तिच्या ताटात माझे पोहे. मामा तिच्यासमोर उभे, नजर तिच्या तोंडाकडे.

"उप्पु?"

सेल्वीने विचारपूर्वक घास गिळला आणि निकाल दिला. "कोंजम जास्ती." जरासं जास्त.

म्हणजे इतके दिवस ज्या चोखंदळ जिभेच्या धाकाने मी पोहे ढवळत होतो, ती सेल्वीची होती! मला हसू फुटणार, एवढ्यात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मामांचं ताट दिसलं. पांढरा भात आणि पाण्यात उकडलेला दुधी. बस्स.

मामांनी मला पाहिलं. "झांकण आणलेंस काय?" म्हणून ते घेऊन घाईघाईने आत गेले. सेल्वीने स्वतःच्या कमरेवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "किडनी. सारुक्कु उप्पु कूडादु." सरांना मीठ चालत नाही. एवढं तमिळ मला येत होतं. अम्मा, म्हणजे मामांच्या पत्नी, गेल्या त्या वर्षापासून, असंही तिने सांगितलं.

मामा बाहेर आले तेव्हा मला राहवलं नाही. "मग एवढं रांधता कशाला, मामा?"

ते खुर्चीत बसले. पंच्याची घडी घालायला लागले.

"ती गेली, आणि घरांत फोडणीचा वास राहिला नाहीं. लॉजसारखें वाटूं लागलें. म्हणून करतों. तिचें बघून बघून हाताला सगळें ठाऊक आहे. मिरें किती, चिंच किती. एक मीठच हाताला कळत नाहीं रे. तें जिभेला विचारावें लागतें." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी उपयोगाची नाहीं. म्हणून तुमची मागतों. तूं खोटें सांगितलेंस तर तिची रसवांगी चुकेल, आणि मला कळणारहि नाहीं."

मला फार वाईट वाटलं. घरी आलो आणि आईला फोन लावला. "बिनमिठाची दुधीची भाजी चवदार कशी करायची?" आई घाबरली. "कोण आजारी आहे रे?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जिऱ्याची फोडणी सढळ घाल. पाणी घालू नकोस, तिच्याच पाण्यात शिजू दे. उतरवलीस की लिंबू पिळ."

संध्याकाळी मी मामांची बेल वाजवली. दार उघडताच डबा पुढे केला.

"दुधी आहे. माझ्या स्वयंपाकघरातला. मीठ घातलेलं नाही. खा."

"मागून खातों."

"अहं. पहिला घास माझ्यादेखत."

मामांनी उंबऱ्यातच झाकण काढलं आणि दोन बोटांनी घास उचलला. सावकाश चावत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"मीठ?" मी विचारलं.

"एकदम बरोबर," मामा म्हणाले. मग पंच्याने डोळे पुसले आणि दुसरा घास उचलला. "आणि मी खोटें सांगत नाहीं हं."