दामूतात्यांनी माड तोडला

गेल्या गुरुवारी सकाळी गडब गावच्या दामूतात्या म्हात्र्यांनी माणूस बोलावून स्वतःचा माड तोडला. माडाला कीड नव्हती. नारळ लगडलेले होते. आख्खी आळी कुंपणाशी येऊन उभी राहिली. मीही होतो, मी त्यांचा भाडेकरू.

‘स्वतःचा’ हा शब्द इथे नेमका आहे. म्हात्र्यांच्या घरात मूल जन्मलं की तात्या त्याची नाळ परसात पुरतात आणि वर माड लावतात. तात्यांची नाळ त्यांच्या आईने पुरली होती. प्रत्येक माडाला माणसाचं नाव आहे. पुतण्या कुवेतला असतो. त्याच्या माडात भुंगा शिरला तेव्हा तात्यांनी फोन लावला, “काय रं, दारू सुरू केलीस काय?” पुतण्याने कबूल केलं. मला माड नाही. तात्या म्हणतात, “तुमची नाळ रोह्याला. हितं तुमी पाव्हनं.”

नात स्वरा सहा वर्षांची. तिला थॅलेसेमिया आहे. सतत रक्त चढवावं लागतं. तिच्या माडाला तात्या मासळी धुतलेलं पाणी घालतात आणि त्याच्याशी बोलतात, “वाढ गो बाय, वाढ.”

गेल्या वर्षी मुंबईत तिला भाऊ झाला. तात्या नाळेसाठी स्टीलचा डबा घेऊन प्रसूतिगृहाच्या दाराशी उभे राहिले. मी सोबत होतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नाळेतलं रक्त पिशवीत साठवलं आहे. जुळलं तर स्वराला देता येईल.

तात्यांनी रिकामा डबा बाकावर ठेवला. “मंजी आमी आजवर औषध मातीत घातलं? पोरीची नाळ मीच पुरली, बाय.”

“तिची ठेवूनही उपयोग नव्हता, आजोबा. तिच्या रक्तात तोच दोष आहे.”

“परत सांगा.”

बाईंनी परत सांगितलं. तात्या मुलाकडे वळले. “निलेश, तू आयकलंस ना?”

रक्त जुळलं. पिशवी लहान होती, म्हणून बाळ थोडं मोठं होईपर्यंत थांबून त्याची थोडी अस्थिमज्जाही घेतली. गेल्या महिन्यात दोन्ही स्वराला दिलं. संसर्गाच्या भीतीने तात्यांना आत सोडलं नाही. ते गडबला परतले. नाळेतल्या पेशी अंगात धरायला उशीर लावतात, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. निलेशचा रोज फोन यायचा, “अजून धरलं नाय.” तात्या फोन ठेवून परसात जात.

बुधवारीही तेच उत्तर आलं. गुरुवारी माड पडला.

“डोकं फिरलं काय, तात्या? भरला माड!” शेजारची काशीबाय ओरडली.

“त्याची सावली पडत व्हती, गो.”

“कोनावर?”

तात्यांनी बोट दाखवलं. पडलेल्या खोडापलीकडे स्वराचा माड उन्हात उभा होता.

सोमवारी निलेशचा फोन आला. पांढऱ्या पेशी वाढू लागल्या आहेत, म्हणजे भावाच्या पेशी धरू लागल्या. धोका टळलेला नाही. स्वरा अजून रुग्णालयात आहे. तात्यांनी स्वतःसाठी दुसरा माड लावलेला नाही.