आत माणूस आहे

आमच्या सी विंगच्या चौथ्या मजल्यावर, चारशे तीनच्या दाराबाहेर एका खिळ्याला पिवळा बिल्ला टांगलेला असतो. तळहाताएवढा, प्लास्टिकचा, वर भोक पाडलेला. त्यावर मार्करने लिहिलंय, 'आत माणूस आहे'.

'कुत्र्यापासून सावध' मी वाचलंय. 'शुभ लाभ' वाचलंय. 'येथे चपला काढू नयेत' हे तर माझ्याच दारावर आहे. पण फ्लॅटच्या आत माणूस असतो, ही बातमी असल्यासारखी दारावर लावणारा गृहस्थ मी पहिल्यांदाच बघितला. आणि बघितला तोही रोज, कारण चारशे चार माझा आहे.

गृहस्थांचं नाव भानुदास तोडकर. भानुदास म्हणजे सूर्याचा दास. नोकरी शीतगृहात. चाकणच्या पुढे एक मोठं कोल्ड स्टोरेज आहे, तिथे मटार, आइस्क्रीम, मासळी असलं काय काय गोठवून ठेवतात, त्या खोल्यांवर हे ऑपरेटर. मूळचे उदगीरकडचे, म्हणजे मे महिन्यात कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो तिकडचे. वय छप्पन्न, अंगाने काटकुळे, आणि आमच्या मोशीच्या ऑक्टोबरातल्या उकाड्यातही डोक्याला कानटोपी. कुणी विचारलंच तर म्हणणार, "वजा बावीस हाय आत." आत म्हणजे कंपनीत. कानटोपी मात्र लिफ्टमध्ये.

बिल्ल्याचा उलगडा त्यांनीच मला केला. त्यांच्या कंपनीत त्या थंड खोलीच्या दाराशी खिळ्यांचा फळा असतो. प्रत्येकाला एक बिल्ला. आत जाताना टांगायचा, बाहेर आल्यावर काढायचा. फळा बघितला की कळतं आत कोण आहे.

"ते कंपनीत ठीक आहे हो," मी म्हटलं. "घरी कशाला?"

"माणूस तोच हाय ना, मॅडम."

घरात शिरले की बिल्ला टांगतात, बाहेर पडले की काढून खिशात. खाली दूध आणायला गेले तरी काढतात. दूध घेऊन आले की पुन्हा टांगतात. तीन वर्षं हा प्रकार चाललेला मी बघत होते आणि घरी नवऱ्याला रंगवून सांगत होते. आमच्याकडे जेवताना टीव्ही लागत नाही त्याचं निम्मं श्रेय तोडकरांना आहे.

आता मी मराठीची शिक्षिका, त्यात सोसायटीची सेक्रेटरी, म्हणून सोसायटीच्या दिवाळी अंकाची संपादकही मीच. दुसरं कुणी तयारच नव्हतं. अंकात दरवर्षी चार पाककृती, दोन प्रवासवर्णनं आणि अध्यक्षांचा फोटो असतो. दोन वर्षांपूर्वी तोडकर दारात उभे राहिले. हातात शंभर पानी वही.

"विज्ञानकथा हाय," म्हणाले.

वही पेन्सिलीने लिहिलेली होती. मी भुवया वर केल्या. तर म्हणाले, "वजा बावीसला बॉलपेन चालत न्हाई. शाई धरती. आमाला पेन्सिलच लागते."

"पण लिहिलीत तर घरी ना?"

"सवय मोडू न्हाई, मॅडम."

कथा वाचली. एक बर्फाळ ग्रह. त्यावर एक माणूस. तो सकाळी तापमान मोजतो, वजा बावीस. दुपारी मोजतो, वजा बावीस. संध्याकाळी मोजतो. इथे मी जरा सरसावून बसले, पण वजा बावीसच. कथा संपली.

मग दुसरी कथा. दुसरा ग्रह, दुसरी आकाशगंगा, तापमान तेच.

"तोडकर, विश्वात एवढे ग्रह, सगळीकडे वजा बावीस कसं?"

"मी मोजलंय तेवढंच लिव्हतो. बाकीचे लिव्हतात वजा दोनशे, वजा अडीचशे. गेलतं का कुणी?"

तिसऱ्या कथेत नायक पंचेचाळीस मिनिटं काम करून दहा मिनिटं चहाला बाहेर येतो. बाहेर म्हणजे कुठे, ग्रहाच्या बाहेर? मी लाल पेनने मोठं प्रश्नचिन्ह काढलं. त्यांनी खाली पेन्सिलीने उत्तर लिहिलं, 'सुट्टी कंपल्सरी हाय.'

इतर लेखकांच्या विज्ञानकथा मात्र ते कडक तपासतात. वाचनालयातून पुस्तक आणायचं आणि "थंडी चुकलीय" म्हणून परत करायचं. एका कथेत बर्फात अडकलेला नायक मरताना अर्धं पान बोलतो. तोडकर म्हणाले, "जबडा धरतो, मॅडम. तीन शब्दांच्या वर बोलता येत न्हाई." दुसऱ्या एका कथेत गोठलेल्या यानात नायकाला कुजका वास येतो. "थंडीला वास नसतो. मटार, मासळी, आइस्क्रीम, सगळं एकच. म्हणजे कायच न्हाई." तिसरीत नायक बाहेरून आत येतो आणि चष्मा पुसतो. हे वाचून तर ते चक्क दुखावले होते. "चष्मा पुसायचा नसतोय! पुसला की परत धुकं धरतं. दोन मिनिटं उगं थांबायचं. आपसूक दिसाय लागतं."

एकदा मी विचारलं, "अहो, तुम्ही उन्हातले. मग एखादा तापलेला ग्रह घ्या की. सारखं बर्फ बर्फ काय?"

तर त्यांनी कानटोपी काढली. ते कानटोपी काढतात तेव्हा विषय गंभीर असतो.

"गरमीत माणूस एकटा पडत न्हाई, मॅडम. लाइट गेली की बगा, सगळी बिल्डिंग खाली येती. आमच्याकडं उन्हाळ्यात माणसं बाजा-खाटा घेऊन झोपाय अंगणात. गावभर बोलणं. लिव्हणाऱ्यानं माणूस वाळवंटात ठेवला, की उंट येतो. उंटामागं उंटवाला येतो. मंग चहा येतो. अन् चहा आला की विज्ञानकथा संपली."

"आणि थंडीत?"

"थंडीत हरेकजण दार लावून घेतो. अन् दार लावलं म्हणून कोण कुणाला बोल लावत न्हाई. थंडीच तशी हाय म्हणतात. म्हणून एकटा माणूस दाखवायचा आसला की त्याला बर्फात नेऊन ठेवतात. बर्फाचं काम न्हाई तिथं. दाराचं काम हाय."

मी नववीला वातावरणनिर्मिती शिकवते. इतकं नीट मला कधी सांगता आलेलं नाही. पण मी तसं बोलले नाही. शिक्षकाने चटकन कबूल करायचं नसतं.

या वर्षी मात्र मी अट घातली. म्हटलं, "कथा छापते, पण त्यात दुसरं पात्र पाहिजे. एक तरी. वाचणाऱ्याला कंटाळा येतो हो."

तोडकर म्हणाले, "दुसरा माणूस आला की थंडी जाती."

"जाऊ दे की मेली!"

वही काखोटीला मारून गेले.

त्याच आठवड्यात कमिटीची मीटिंग झाली. आमचे अध्यक्ष शेखभाई, चाकणला टायरचं दुकान, माणूस दिलदार पण सुरक्षेच्या बाबतीत जरा जास्तच दक्ष. समोरच्या सोसायटीत चोरी झाल्यापासून तर त्यांना प्रत्येक कुरिअरवाला संशयित. ते म्हणाले, "राव, तो बिल्ला म्हणजे चोराला पत्र आहे. बिल्ला आहे, माणूस आहे. बिल्ला नाही, या, घर मोकळं आहे!"

बाकीच्यांना हे तीन वर्षांत सुचलं नव्हतं, त्यामुळे सगळेच दचकले. तोडकरांना बोलावणं गेलं. शेखभाई अगदी समजुतीने म्हणाले, "भाऊ, एक काम करा. बिल्ला कायमचा टांगून ठेवा. घरात असा नाहीतर नसा."

तोडकरांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांना खोटी साक्ष द्यायला सांगितली.

"न्हाई जमणार. आत माणूस नसताना बिल्ला टांगला, तर आसल त्या दिवशी कोण बघंल?"

"मग काढून टाका."

ठराव झाला. सामायिक जागेतला फलक आठ दिवसांत काढावा. नोटीस मी टाइप केली, सही मी केली, पोचवायची जबाबदारीही अर्थात माझ्यावरच आली. दार समोर आहे ना!

रविवारी संध्याकाळी नोटीस घेऊन गेले. बिल्ला टांगलेला होता. बेल वाजवली. तीन वर्षांत त्यांच्या घरात पाऊल ठेवायची ही पहिली वेळ. संध्याकाळी आमच्या मजल्यावर प्रत्येक दारातून काही ना काही वास येतो. कुणाची फोडणी, कुणाची उदबत्ती, चारशे एकचं सुकट. तोडकरांचं घर लख्ख होतं, भांडी पालथी घातलेली, आणि कसलाच वास नव्हता.

मी नोटीस काढायच्या आत त्यांनी वही पुढे केली. "घातलं बगा दुसरं पात्र."

उभ्यानेच वाचली. तोच ग्रह, तोच माणूस, तेच तापमान. फक्त रोज दुपारी सव्वातीनला रेडिओ खरखरतो आणि एका बाईचा आवाज विचारतो, "आमचे बाहेर आले का?" माणूस म्हणतो, "आलो." रेडिओ बंद. बाई कथेत एकदाही दिसत नाही.

मला हसू आवरेना. "अहो तोडकर, परग्रहावरच्या रेडिओवर 'आमचे'? काय हे! आमचे म्हणजे कोण आमचे?"

"मी," तोडकर म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. खोलीचं तापमान सांगावं तशा आवाजात सांगितलं.

तेव्हा त्यांना कायम पहिली पाळी असायची, ती तीनला सुटायची. सव्वातीनला त्यांची बायको कंपनीच्या गेटवर फोन करायची. वॉचमनला विचारायची, "आमचे बाहेर आले का?" रोज. अकरा वर्षं. वॉचमन लोक थट्टा करायचे, तोडकर, तुमची हजेरी घेतली बरं का. हे घरी येऊन चिडायचे. लोकं हसायलेत, बंद कर. ती म्हणायची, हसू द्या, दात हायेत त्यास्नी.

एक दिवस हे आत असताना दाराचा आतला खटका धरला. आतली बेल वाजेना. पाळी बदलली. नवीन पाळीची माणसं फळ्यावरून गेली, बिल्ला सगळ्यांनी बघितला, आणि प्रत्येकाला वाटलं, कुणीतरी काढायचा विसरलं असेल. सव्वातीनला गेटवर फोन आला. वॉचमनने सवयीने विचारून बघितलं, तर तोडकरांना बाहेर आलेलं कुणीच बघितलं नव्हतं. म्हणून तो फळ्यापर्यंत चालत गेला.

"पन्नास मिनिटं झालती," तोडकर म्हणाले. "बाहेर आलो. मला वाटलं, लोकं पळत येतील. कँटीनला बसलेले. मनले, तोडकर, आज लेट?"

मी वही मिटली.

"थंडीचं काय न्हाई, मॅडम. थंडी सोसती. फळा कुणी वाचंना, ते लई वाईट." मग म्हणाले, "ती गेली तवापासून सव्वातीनला फोन येत न्हाई. मनलं, घरी तरी टांगून ठेवावा."

वहिनी गेल्या तेव्हा मी भेटायला आले होते. दारातूनच. सगळे म्हणतात तेच म्हणाले होते, काही लागलं तर सांगा. आणि त्यांनी सांगितलं होतं की. तेराव्यानंतर लगेच, माझ्या दारासमोर, मार्करने लिहून सांगितलं होतं. मी मराठीची बाई. तीन वर्षं मला तीन शब्द वाचता आले नाहीत. माझीच मला इतकी लाज वाटली की पर्समध्ये घातलेला हात बाहेर काढवेना.

"नोटीस आणली आसंल," ते म्हणाले. "शेखभाई मनले काल. काढतो उद्या. बगणारं कोण न्हाई, मंग नुसतं पलास्टिकच हाय ते."

"नोटीस घरी राहिली," मी म्हटलं. सेक्रेटरी म्हणून हे माझं पहिलं खोटं. शेखभाईंना मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ते नोटीस फाडून खिशात घालत म्हणाले, "चोराचं मी बघतो."

सोमवारी सकाळी पावणेसातला मी शाळेला निघाले. तोडकरांची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, म्हणजे ते घरात. समोर बिल्ला टांगलेला होता. अजून काढला नव्हता. मी तो वाचला. नीट, पहिल्या अक्षरापासून. मग बेल दाबली आणि दाराला तोंड लावून मोठ्यांदा विचारलं,

"तोडकर, बाहेर आलात का?"

आत काहीतरी पडलं. बहुतेक पातेलं. मग दार उघडलं. कानटोपी, हातात पेन्सिल.

"काय काम होतं, मॅडम?"

"काम नाही काही. बिल्ला दिसला."

ते माझ्याकडे बघत राहिले. "आलो," म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसला. पुसायचा नसतो, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.