एकशे बारा धवळे

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता पौर्णिमाने घरचा कॉम्प्युटर पार पुसून कोरा केला, आणि तिला जराही भीती वाटली नाही. शेणव्याच्या हायस्कुलात ती बारा वर्षं विज्ञान शिकवत होती. प्रयोगाची वही लिहिल्याशिवाय ती कुकरची शिट्टीसुद्धा दुरुस्त करत नसे. आजही वही उघडीच होती. उद्देश: व्हायरस लागलेला कॉम्प्युटर फॉरमॅट करून पूर्ववत करणे. साहित्य: विंडोजची सीडी, तीन फ्लॉप्या. कृतीच्या सतरा पायऱ्या, आणि प्रत्येकीपुढे खूण करायला एक चौकोन.

फ्लॉप्यांत बॅकअप होतं. हा शब्द ती मे महिन्यात शहापूरच्या कॉम्प्युटर कोर्सला शिकली होती आणि जूनपासून तिने तो स्टाफरूममध्ये वापरून वापरून झिजवला होता. "ज्याची दुसरी प्रत नाही ते आपलं नाहीच असं समजायचं," असं तिने मुख्याध्यापकांनाही ऐकवलं होतं. ही दुसरी प्रत घरातच ठेवायची नसते, हेही तिला माहीत होतं; घराला आग लागली तर दोन्ही जातील. म्हणून तिने फ्लॉप्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात ठेवल्या होत्या. कोरडी जागा, कुलूप, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. काल शाळा सुटल्यावर तिने तो डबा घरी आणला होता.

त्या तीन फ्लॉप्यांमध्ये तिच्या सासूबाईंचे, गोजाबाईंचे एकशे बारा धवळे होते.

गोजाबाई म्हणजे आसपासच्या दहा गावांतली धवलारीण. हळदीपासून वरातीपर्यंत लग्नातल्या प्रत्येक विधीला गाणं म्हणायचं ते त्यांनीच. हे धवळे लिहून घ्यावेत, त्यांचं पुस्तक करावं, हा पौर्णिमाचा ध्यास. गोजाबाई मात्र तयार नव्हत्या. "मांडवाबाहेर धवला म्हनत नाय गो. लगीनच नसलं तर तो जाऊन लागायचा कुनाला?"

शेवटी तोडगा निघाला. मॉनिटरवर आंब्याचा डहाळा, सीपीयूवर हळद लावलेल्या दोन सुपाऱ्या, एक नवरा आणि एक नवरी. रोज संध्याकाळी त्यांचं लग्न लागायचं, गोजाबाई म्हणायच्या आणि पौर्णिमा टाइप करायची. दोन वर्षं हे चाललं. "यांना आता नातवंडं झाली असतील," असं तिचा नवरा सदानंद म्हणायचा.

मध्ये सत्तराव्या धवळ्यापाशी गोजाबाई आठवडाभर अडल्या होत्या. "शंभर भरले की पुस्तक होईल बघा, आत्याबाय," असं पौर्णिमा म्हणाली, आणि मग जे सुरू झालं ते एकशे बारावरच थांबलं. एका धवळ्यात तर चक्क खांबावरचा विजेचा दिवा आला. त्यावर पौर्णिमाने मुरबाडच्या शिक्षक मेळाव्यात, परंपरा काळाबरोबर कशी बदलते याविषयी, वीस मिनिटं भाषण केलं होतं. दिवाळीत पुस्तक छापायचं ठरलं होतं.

साडेअकराला चौदाव्या पायरीवर तिने फ्लॉप्यांमधून सगळ्या फाइली कॉम्प्युटरवर घेतल्या. एकशे बारा मोजून आल्या. तिने पहिली उघडली.

पडद्यावर डोक्यावर टोप्या आणि टिंबं घातलेली इंग्रजी अक्षरं दाटीवाटीने उभी होती. मराठीचा एक कानासुद्धा नव्हता. दुसरी फाइल उघडली, तिच्यातही तेच. तिने मधलीच पन्नासावी उघडली, मग शेवटची. सगळीकडे त्याच टोप्या.

तिने वहीत 'निरीक्षण' या शब्दाखाली ते लिहिलं. मग 'अनुमान' लिहिलं, आणि तिथेच तिचा हात थांबला.

प्रयोगशाळेच्या कपाटातला तो खण तिच्या डोळ्यांसमोर आला. बिस्किटांचा डबा आणि त्याला खेटून आठ पट्टीचुंबक, शिवाय एक मोठा नालचुंबक. चुंबक तिथे तिनेच ठेवले होते. नववीच्या तासाला फ्लॉपी उंच धरून तिनेच सांगितलं होतं, "हिच्यावरची माहिती चुंबकीय असते. हिच्याजवळ लोहचुंबक नेणारा माणूस अडाणीच म्हणायचा." तास संपल्यावर चुंबक परत ठेवताना डबा जरा बाजूला सारून जागासुद्धा तिनेच केली होती.

सदानंद चहा घेऊन आला. तिचा चेहरा बघून त्याने कप खालीच ठेवला.

"काय झालं?"

"लोहचुंबकानं सगळं पुसलं गेलं."

"चुंबक कोणी ठेवलं तिथं?"

"मी."

"आणि फ्लॉप्या?"

"मीच."

सदानंदने तिच्यासाठी आणलेल्या चहाचा एक घोट स्वतःच घेतला. "बरं हाय. चोर शोधायला लांब जायला नको."

तिला मान वर करवेना. अडाणी बाईने असं केलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. ती एमएस्सी होती. मुख्याध्यापकांना काय सांगायचं, नववीला काय सांगायचं, हे सगळं नंतरचं. आधी ओटीवर वाल निवडत बसलेल्या गोजाबाईंना सांगायचं होतं, आणि ती बारा पावलं तिला संपता संपेनात.

"आत्याबाय, तुमचे धवळे गेले."

"कुठं?"

"पुसले गेले. सगळे. माझ्या चुकीनं."

गोजाबाईंनी सूप खाली ठेवलं. "त्या चपट्या डब्या व्हत्या ना तुज्या? त्यातलं पन?"

"त्यातलं पण."

"आता परत येनार नाय?"

"नाही."

"नक्की?"

पौर्णिमाचे डोळे भरून आले. "नक्की. वाटेल ते बोला मला."

गोजाबाईंनी आत कोणी ऐकत नाही ना, ते पाहिलं. ताप उतरलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

"बरं झालं गो बाय," त्या हळूच म्हणाल्या.

पौर्णिमाला वाटलं, आपली समजूत घालताहेत. पण गोजाबाई सूप बाजूला सारून जवळ सरकल्या. "माजं सत्तरावर संपलं व्हतं. तू म्हनलीस, शंभर पायजेत. शालंतून दमून यायचीस, सुपाऱ्यांना हलद लावून बसायचीस. तुला नाय कसं म्हनू?"

"मग पुढचे बेचाळीस?"

"भाकऱ्या थापता थापता केलं."

"तो दिव्याचा?"

"त्या दिवशी आपल्या खांबावं दिवा लागला ना, तवाचा."

मुरबाडची वीस मिनिटं पौर्णिमाच्या अंगावर सरसरून आली. तिने भिंतीला पाठ टेकली.

"त्याचं काय नाय," गोजाबाई म्हणाल्या. "पन एक वंगाल झाला व्हता." त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि पदरातूनच म्हटलं:

*"वरनात पानी, भातात खडं,*
*भागीरथी विहिनीचं हातच वाकडं."*

भागीरथी म्हणजे आटगावची, गोजाबाईंच्या लेकीची सासू. विहिणीची मांडवात थट्टा करायची रीतच होती, पण मांडवातलं गाणं मांडवातच विरून जातं.

"तिचा नातू वाचतो गो. पुस्तक आलं का पयलं तोच वाचील. माज्या लेकीला तिथं नांदायचं हाय. मला दोन म्हयनं झोप नाय. तुला सांगायची लाज वाटं."

मग गोजाबाईंनी सूप अर्धं तिच्याकडे सरकवलं आणि पौर्णिमा वाल निवडायला लागली. खरे सत्तर परत सांगायचं त्यांनी आपण होऊन कबूल केलं. या खेपेला वहीत लिहायचे. सुपाऱ्या नव्या आणायच्या.

वाल निवडून होतात तोच दारात मोटारसायकल थांबली. शहापूरला लग्नपत्रिका छापणारा वाल्मिक होता. कॉम्प्युटर त्यानेच बसवून दिला होता आणि पुस्तकही तोच छापणार होता. बायकोची दशा न बघवून सदानंदने त्याला फोन केला होता.

"वहिनी, बघू काय झालंय," म्हणत तो खुर्चीत बसला. एक फाइल उघडली, आणि लगेच त्याने खिशातून स्वतःची फ्लॉपी काढून आत सरकवली. पाच मिनिटांत टोप्या गळाल्या, टिंबं गेली आणि पडद्यावर काना-मात्रेसह हळदीचा धवळा उभा राहिला.

"मराठी फाँट टाकायचा राहिला होता. फॉरमॅटमध्ये तोही जातो. तुमच्या फ्लॉप्यांना काय झालंय? ठणठणीत आहेत."

"पण ते चुंबक..." पौर्णिमा म्हणाली.

"डबा कसला होता?"

"पत्र्याचा." हे बोलता बोलताच तिला पुढचं कळलं. लोखंडी डब्याच्या आत चुंबकाचा जोर पोचत नाही, हे ती नववीला दरवर्षी टाचण्या घेऊन दाखवायची. तिने वहीत 'अनुमान' या शब्दावर पट्टी ठेवून रेघ मारली. सकाळपासून ती चुकीच्या कारणासाठी शरमत होती.

वाल्मिक खूश होऊन एकेक फाइल उघडत चालला होता. एकाएकी तो हसायला लागला. "आजी, ही भागीरथी म्हंजे आटगावची का? त्यांच्या घरच्या पत्रिका मीच छापतो."

"दुसरी हाय," गोजाबाई दारातून म्हणाल्या. "लय भागीरथ्या हायत."

"फ्लॉप्या मी घेऊन जातो वहिनी, सीडी करून देतो. मग पन्नास वर्षं काळजी नाय."

दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या ऑफिसातून परतताना सदानंदने शहापूरला उतरून सीडी आणली आणि दोघींच्या मध्ये ठेवली. "घ्या. आता हसा की जरा."

कोणी हसलं नाही. तो आत गेल्यावर गोजाबाईंनी ती चकती उचलून उजेडात धरली. तिच्यात त्यांचाच चेहरा दिसत होता.

"पौर्णिमा, शालंतलं ते मोठं चुंबक उद्या घरी आन गो जरा."

"आत्याबाय, सीडीला चुंबकानं काय होत नाय."

गोजाबाईंनी चकती उलटीपालटी करून नीट पाहिली.

"मंग हिला कशानं होतं?"