कुमुदताईंचा कोरा फोन

सोमवारपासून ऑफिसच्या मेलला नवं कुलूप बसणार होतं, आणि ते कसं उघडायचं हे पनवेल शाखेला शिकवायचं काम कुमुद घरत यांच्या गळ्यात पडलं. शाखा मालवाहतुकीची. द्रोणागिरीच्या गोदामातून ट्रक सोडायचे आणि त्यांची कागदपत्रं सांभाळायची, एवढाच व्याप. आजवर सगळ्यांचा पासवर्ड एकच होता आणि तो खालच्या चहावाल्यालाही पाठ होता.

"ताई, आपलं हसं होता कामा नये," मॅनेजर अविनाश साहेब हळूच म्हणाले. "हेड ऑफिसचे दीपेश शहा स्वतः लक्ष ठेवून आहेत. एक शाखा बंद करायचं घाटतंय म्हणे. ती आपली नको."

शुक्रवारी कुमुदताईंनी सगळ्यांना गोळा केलं आणि नियम सांगितले. प्रत्येकाने आपल्या फोनमध्ये कंपनीचं अ‍ॅप घ्यायचं. पासवर्ड लांबलचक ठेवायचा. कुणाला सांगायचा नाही, कुठे लिहायचा नाही. मेल, कॉम्प्युटर, फोन, सगळं त्याच पासवर्डने उघडणार. आणि तो दहादा चुकला, तर फोनमधलं होतं नव्हतं ते साफ.

"सगला?" करंजा गावचा मिथुन कोळी खुर्चीवरून उठलाच. "म्याडम, बायकोचे फोटू पन?"

"बायकोचेही."

"मंग आदी तुमच्या फोनात टाका. तुमचा काय व्हतंय ते आमी बघतो."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुमुदताईंनी सगळ्यांसमोर आपल्या फोनमध्ये अ‍ॅप घेतलं, भला मोठा पासवर्ड ठेवला आणि विजयी मुद्रेने घरी गेल्या.

घरी फोन चार्जिंगला लावून त्या मासळी आणायला बाहेर पडल्या. परत आल्या तेव्हा सासूबाई, गंगाबाई, फोन हातात घेऊन प्रसन्न बसल्या होत्या. संध्याकाळी उरणच्या बहिणीशी, मालूशी, सुनेच्या फोनवरून गप्पा मारायचा त्यांचा नेम होता.

"आई, फोन उघडला कसा?"

"इचारत व्हता ना, कोन हाय म्हनून. मी माजा नाव लिवला. नाय म्हनाला. मंग तुजा लिवला, मालूचा लिवला, तरी आयकं ना." गंगाबाई सातवी शिकलेल्या, इंग्रजी अक्षरं जुळवता यायची. "मंग म्हटला, देवांची नावा घेऊ या. गनपती झाला, खंडोबा झाला, मारुती झाला, आनखी तीन देव झाले. शेवटाला एकवीरा आईचा लिवला, तवा कुठं उघारला. पार स्वच्छ झालाय बघ."

फोन खरोखरच स्वच्छ झाला होता. लेकीचे, समृद्धीचे, गॅदरिंगचे फोटो गेले, माहेरचे नंबर गेले आणि ऑफिसचा मेलही बंद पडला. तो पुन्हा सुरू करायचा तर दीपेश शहांकडे अर्ज करावा लागणार होता. कुमुदताई मोरीत जाऊन नळ सोडून रडल्या. सासूला बोलावं तर तिने देवाचंच नाव घेतलं होतं.

शनिवारी मिथुनने पहिला प्रश्न तोच विचारला. "म्याडम, दाखवा ना तुमचा फोन."

कुमुदताईंनी फोन वर धरला. "हा बघा. मुद्दाम पुसून आणलाय. हलगर्जीपणा केला की काय होतं, ते तुम्हाला दिसावं म्हणून."

फोन हातोहात फिरला. कोरा पडदा बघून सगळ्यांचे चेहरे उतरले. हिशेब बघणाऱ्या प्रांजलने तर फोन मिटल्या डोळ्यांनीच पुढे दिला. त्या भीतीपोटी जो तो आपला पासवर्ड आणखी लांब, आणखी अवघड करत सुटला. अविनाश साहेबांचा तर इतका लांब झाला की मध्येच थांबून ते पाणी प्यायले.

सोमवारी सकाळी ऑफिसात कमालीची शांतता होती. भीतीने रविवारभर फोनलाही कुणी हात लावला नव्हता. प्रत्येक जण पडद्याकडे टक लावून बसला होता. प्रांजलला पासवर्डचा पुढचा भाग आठवत होता, मिथुनला मागचा, साहेबांना फक्त पाणी प्यायलेलं आठवत होतं. एकदोनदा चुकल्यावर पुढे हात लावायची कुणाची हिंमत होईना. ताईंना विचारावं, तर त्या ओरडणार. ताईही बंद मेलसमोर बसून उगाच माउस हलवत होत्या.

"काय, आजचा मेल बघितलास का?" अविनाश साहेबांनी प्रांजलला सहज विचारल्यासारखं केलं.

"बघितला ना, सर. तुम्ही?"

"मी तर केव्हाच."

दुपारी द्रोणागिरीहून फोन आला, ट्रक कागदांसाठी अडलाय. "मेलवर कशाला इसंबायचा," असं पुटपुटत मिथुनने मोटारसायकल काढली आणि कागद हातोहात नेऊन दिले. साहेबांनी त्याच्या तत्परतेचं कौतुक केलं. तत्परता कुठून आली, हे साहेबांनी विचारलं नाही आणि मिथुनने सांगितलं नाही.

चार वाजता दीपेश शहांचा फोन आला. साहेबांनी घाबरत स्पीकर लावला.

"अविनाश, आज सकाळी आम्ही सगळ्या शाखांना एक खोटा मेल टाकला होता. 'तुमचा बोनस इथे बघा' असा. परीक्षा होती. बाकीच्या शाखांनी तासाभरात लिंक दाबून पासवर्डसुद्धा भरून टाकले! फक्त पनवेलमधून एकानेही दाबली नाही. कसं काय?"

साहेबांची छाती फुगली. "सर, बघताक्षणीच ओळखला. खोटा होता."

"मी तर पयल्या वळीतच वळखला," मिथुन मागून म्हणाला. प्रांजलनेही जोरात मान हलवली.

"हे सगळं कुमुद घरतांचं श्रेय, सर," साहेब म्हणाले. "त्यांनी स्वतःचा फोन पुसून दाखवला."

"स्वतःचा? ग्रेट! पनवेल शाखेला आता कुणी हात लावणार नाही. घरत मॅडम, तुमची शिकवायची पद्धत सगळीकडे लागू करतोय. संध्याकाळपर्यंत मला मेलवर पाठवून द्या."

कुमुदताईंनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी प्रांजलकडे, प्रांजलने मिथुनकडे, आणि मिथुनने पंख्याकडे. चारही चेहऱ्यांवर एकच भाव होता, आणि त्या क्षणी सगळ्यांना सगळ्यांचं कळलं.

कुमुदताई फोनजवळ सरकल्या. "सर, मेलवर नाही पाठवता येणार."

"का?"

"सुरक्षेच्या कारणासाठी."

दीपेश शहा अगदी आदराने म्हणाले, "बरोबर आहे. मी माणूस पाठवतो."