गोवरवाल्या खैरनार सिस्टर

बारशाला गेलं की माणसं पाळण्यात डोकावतात, बाळ कुणावर गेलंय यावर वाद घालतात. आमच्या शेजारच्या खैरनार सिस्टर आधी भिंतीवरचं कॅलेंडर शोधायच्या. बोटांवर महिने मोजायच्या आणि तोंडात पेढा असतानाच बाळाच्या आईला दम द्यायच्या, "नऊ महिने भरले की गोवरची लस. विसरलीस तर मी आहे आणि तू आहेस!"

सिस्टर मूळच्या सटाण्याकडच्या, सरकारी आरोग्य केंद्रात नर्स. नव्वदच्या दशकात नाशिकरोडला आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. त्या वर्षांत त्यांनी मला जेवढा वैताग दिला, तेवढा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या माझ्या साहेबानेही दिला नाही.

त्यांचं नाक फार तिखट. गोवर आला की घरात फोडणी द्यायची नाही, अशी तेव्हा पद्धत होती. माणसं दाराला कडुलिंब लावायची, पोराला आत निजवायची आणि दवाखान्याचं नाव काढायची नाहीत. म्हणून सिस्टर ऐन स्वयंपाकाच्या वेळी वास घेत गल्लीतून हिंडायच्या. ज्या घरातून फोडणीचा वास येत नाही, त्या घरात सरळ आत.

एकदा पोट बिघडलं म्हणून मी चार दिवस बिनफोडणीच्या वरणावर होतो. तिसऱ्या दिवशी या स्वयंपाकघरात हजर!

"पोर कोठे शे?" घाईत असल्या की त्या अहिराणीत बोलायच्या.

"सिस्टर, आमची पोरं कॉलेजात आहेत हो!"

तरी त्यांनी माझी बाही वर करून पुरळ आहे का ते बघितलंच. आमची ही तोंडाला पदर लावून हसत होती. मला काही हसू आलं नाही.

बुधवार माझ्या सुट्टीचा आणि सिस्टरांच्या लसीकरणाचा. एका बुधवारी जेवून जरा आडवा झालो, तोच खांद्याला लसीचा डबा लावून त्या दारात. "भाऊ, स्कूटर काढा. पळसे गावच्या द्राक्षमळ्यातली एक पोरगी राहिली. तिचे आईबाप आत्ता सुरगाण्याला परत चालले. एकदा गेली की कुठं शोधू तिला?"

कपाळाला हात लावून मी स्कूटर काढली. मळ्यात पोचलो तेव्हा मजुरांचा टेम्पो सुटायच्या बेतात होता. सिस्टर जाऊन सरळ त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. ड्रायव्हर ओरडायला लागला. मुलीच्या आईने तिला पदराखाली घट्ट धरलं.

"नको बाई. ताप येल तिला. वाटंत काय करू मी?"

"आला तर एक दिवस येईल. गोळी देते. पण गोवर आला तर काय करशील?"

बरीच हुज्जत झाली. अखेर सिस्टरांनी बाटली उघडली, पावडरीत पाणी मिसळलं आणि पोरीला सुई टोचली. पोरगी किंचाळली. मला वाटलं, सुटलो. पण नाही! "अर्धा तास कोणी हलायचं नाही. हिला काही त्रास होतो का बघायचंय."

माझं डोकं फिरलं. त्यात पाच मुलांना पुरणारी ती बाटली, एकदा मिसळली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. मळ्यात दुसरं लहान मूल नव्हतं. "उद्या साहेबांची बोलणी खाल," मी म्हणालो. "एका पोरीसाठी अख्खी बाटली फोडायची?"

सिस्टर डब्याचं झाकण लावत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "एकदा नव्हती फोडली, भाऊ. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. एक बाई पोराला घेऊन दोन कोस चालत आली. त्या दिवशी दुसरं कोणीच आलं नाही. बाटली वाया गेली तर साहेब रागावतील, म्हणून म्हटलं, पुढच्या महिन्यात ये."

"मग?"

"आली ना. सांगितल्या तारखेला आली. एकटीच. म्हणाली, बाई, तुम्ही वाट बघत बसाल म्हणून सांगायला आले."

इतकी वर्षं मी या बाईवर चिडत होतो, त्याची लाज वाटली. तेवढ्यात ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. सिस्टर उठायच्या आत मीच उठलो, टेम्पोपुढे जाऊन उभा राहिलो आणि ओरडलो, "अर्धा तास म्हणजे अर्धा तास!"