चाळीस किलोचा पाइप आणि काशिनाथअप्पा

आमच्या गल्लीतल्या लग्नात अक्षता पडत होत्या, तेव्हा काशिनाथअप्पा स्वयंपाकाच्या मांडवात पालथे पडले होते. म्हाताऱ्याला चक्कर आली असं समजून आचाऱ्याने पाणी आणलं. अप्पांनी ते पिऊन टाकलं आणि पुन्हा भट्टीखाली डोकं घातलं. हातात कापसाचा बोळा होता. गॅसच्या टाकीपासून भट्टीपर्यंत आलेल्या तारेच्या जाळीच्या पाइपावरून ते तो सावकाश फिरवत होते, आजारी माणसाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा.

"अप्पा, मंगलाष्टकं संपली," मी म्हणालो.

"पाइप संपला न्हाई अजून," आतून आवाज आला.

जाळीची एखादी तार तुटली असेल तर डोळ्याला दिसत नाही, पण कापसाचे धागे तिथे अडकतात. हे अप्पांचं शास्त्र. रस्त्याकडेला जेसीबी उभा दिसला की ते त्याच्याही पाइपावरून बोळा फिरवतात. ड्रायव्हर शिव्या देतो. अप्पा मान हलवतात. "थकलाय ह्यो," एवढंच म्हणतात आणि चालू लागतात. ड्रायव्हरला वाटतं, आपल्यालाच म्हणाले.

लातूरच्या एमआयडीसीच्या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे. तेलगिरण्या, डाळमिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळ्यांचे पाइप तिथे मिळतात. मिळतात म्हणजे, चार प्रश्नांची उत्तरं दिली तर. आतून काय जाणार? किती गरम? किती किलो? किलो म्हणजे दाब, या धंद्यात दाब किलोत बोलतात. इथवर गिऱ्हाईक निमूट उत्तरं देतं. चौथ्या प्रश्नाला वैतागतं. "पाइपाजवळ कोण उभारतंय?"

"पाइप विकताव का सोयरीक जुळवताव?" एक ट्रॅक्टरवाला माझ्यासमोर ओरडला होता.

"सोयरीक फुटली तर कातडं सोलून निघत न्हाई बाबा," अप्पा शांतपणे म्हणाले. "सांग, कोण उभारतंय?"

"मीच."

"मग ह्यो नको. त्यो वरचा घे."

जुना पाइप बदलून दिला की ते तो वीतभर तुकड्यांत कापतात. भंगारवाल्याने तो पुन्हा कुणाला विकू नये म्हणून. या कापाकापीत त्यांची अर्धी दुपार जाते. बाजारात त्यांना कुणी शहाणा म्हणत नाही.

मी त्यांच्याकडे जायला लागलो तो माझ्या बाबांमुळे. बाबा एका तेलगिरणीत सोयाबीन शिजवण्याच्या भांड्यावर आहेत. बॉयलरची वाफ जाळीच्या पाइपाने भांड्यात येते, बाबा व्हॉल्व उघडतात, बंद करतात. त्या पाइपाला एका टोकाशी फुगवटा आला होता. बाबांनी दोनदा सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "माणिकराव, चाळीस किलोचा पाइप आहे, वाफ आठ किलोची. घाबरता काय?" बाबा पुन्हा व्हॉल्वपाशी जाऊन उभे राहिले. आमच्या घरी त्या दिवसांत आई बाबांच्या सायकलचा आवाज येईपर्यंत पोळ्या लाटायला घेत नसे.

मी पत्रकं लिहितो. अक्षरओळखही मला पत्रकांवरच झाली, बाबा युनियनच्या सभेतून ती आणायचे. तेव्हा मला जे येत होतं तेच केलं. आग ओकणारं पत्रक लिहिलं आणि खाली एका जाणकाराची सही हवी म्हणून अप्पांकडे गेलो.

"काय पत्रकवाल्या, आज कुणाचा धिक्कार करायलास?"

मी कागद पुढे केला. अप्पांनी चष्मा पुसून वाचला. "चाळीस किलोचा मजबूत पाइपही मालकाच्या निष्काळजीपणामुळे..." इथे त्यांचं बोट थांबलं.

"ह्यो आकडा कुणी दिला?"

"पाइपाच्या टोकाला पट्टी असते, तिच्यावर आहे. मॅनेजरच म्हणाला."

"म्हंजे शिव्या तुझ्या आन् आकडा मालकाचा." त्यांनी कागद परत दिला. "चाळीसला त्यो फुटतोय रे. पट्टीवर दोन आकडे असत्यात. मोठा फुटायचा, बारका कामाचा. कामाचा म्हंजे चौथा हिस्सा, दहा. त्योबी नव्या, थंड, सरळ पाइपाचा. तुझ्या बापाचा पाइप गरम हाय, वाकडा हाय, जुना हाय. दहातलं काय उरलं?"

इतके दिवस मी शोषणावर लिहीत होतो आणि माझे बाबा ज्या आकड्याजवळ उभे होते तो मला वाचता येत नव्हता.

"मग सही करा," मी चिडून म्हणालो. "की मालक तुमचं गिऱ्हाईक आहे म्हणून भीती वाटते?"

"न बघता सही करत न्हाई. चल."

गिरणीत पोचलो तेव्हा दुपारची पाळी सुरू व्हायची होती. वाफ बंद होती. अप्पांनी बोळा फिरवला. फुगवट्यापाशी कापूस अडकला, एका जागी नाही, सगळीकडून. पाइपाला तिथे पांढरी दाढी आल्यासारखं दिसत होतं. बाबा ते बघत राहिले.

मॅनेजर आला. अप्पांनी त्याला समजावलं, अगदी शाळेतल्यासारखं. आतला पाइप नुसता वाफेला वाट दाखवतो, जोर पेलते ती जाळी. जाळी तुटली की पट्टीवरचा कुठलाच आकडा खरा नाही. शिवाय पाइपात साचलेलं पाणी, व्हॉल्व उघडला की गोळ्यासारखं धावतं, त्या धक्क्याला आठ किलो म्हणत नाहीत.

"बरोबर आहे अप्पा. पुढच्या आठवड्यात मागवतो. आज माल भरलाय भांड्यात." मॅनेजर बाबांकडे वळला. "माणिकराव, करा सुरू."

बाबांनी पाऊल उचललं. सवयीने उचललं, हे मला अजून टोचतं. मी घोषणा देणार होतो, तोंड उघडलंही होतं. त्याआधी अप्पांनी बाबांचा दंड धरून त्यांना बाजूला केलं आणि स्वतः व्हॉल्वपाशी, फुगवट्याच्या अगदी जवळ उभे राहिले.

"बॉयलरवाल्याला सांगा, वाफ सोड म्हणावं. मी उघडतो."

"अप्पा, काय करायलाव? बाजूला व्हा!"

"का? चाळीस किलोचा हाय की."

मॅनेजर हसला. मग हसायचा थांबला. अप्पांच्या डोक्यावरची पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, हातात तो कापूस. बाबांना तिथे अकरा वर्षं रोज बघणाऱ्या माणसाला त्या जागेवर दुसरं कुणी उभं राहिलेलं पाहवेना. त्याने दोनदा हात वर केला, दोनदा खाली घेतला. शेवटी म्हणाला, "पाइप आहे का तुमच्याकडे, आत्ता?"

संध्याकाळपर्यंत नवा पाइप बसला. पाइप दुमडू नये म्हणून अप्पांनी त्याचं वाकण मोठं ठेवलं, आधी साचलेलं पाणी काढायला बाबांना शिकवलं. जुना पाइप मॅनेजरच्या टेबलापुढे बसून तुकडे तुकडे केला.

परतताना आम्ही तिघं रस्त्याने चालत होतो. माझ्या डोक्यात नव्या पत्रकाचा मथळा तयार होत होता, त्यात 'धैर्य' हा शब्द होता. मी तो अप्पांना ऐकवला.

"खोड त्यो," अप्पा म्हणाले. थोडं चालून म्हणाले, "तुझ्या बापाची घरी वाट बघत्यात. माझी कोण बघतंय? बायको गेली, पोरगी नांदेडला, फोन सणाला. आज मी गेलो असतो तर दुकान बंद हाय, एवढंच कळलं असतं लोकांना. म्हणून मी उभारलो. त्यात धैर्य कुठलं?"

मी मथळा मनातच खोडला. बाबा तसे कमी बोलतात. ते म्हणाले, "अप्पा, उद्या सकाळी साडेसातला चहाला या."

"दुकान हाय मला."

"दुकान साडेआठला उघडताव. साडेसातला या."

दुसऱ्या दिवशी पावणेआठ झाले तरी अप्पा आले नाहीत. बाबांनी चहा खाली उतरवायला लावला, चपला घातल्या आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. मी दारातून बघत होतो. आठाला पाच कमी असताना अप्पा कोपऱ्यावरून वळले. बाबांना असं रस्त्यात उभं बघून ते जागच्या जागी थांबले.

"लई वेळ झाला का माणिका, उभारून?"

"हाव," बाबा म्हणाले. "लई वेळ झाला."