सगळं कोणच खात नाय

इंदूताई नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. गाव, आडनाव, पगार हेही नाही. रोह्यात त्यांची खानावळ आहे. धाटावच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी बाहेरगावची मंडळी तिथे महिन्याच्या हिशेबाने जेवायला असतात. नवा माणूस दारात आला की इंदूताई विचारतात, "रागावलात की जेवता, का उपाशी झोपता?"

बहुतेक जण गडबडतात. एकाने आपल्याला राग येतच नाही असं सांगितलं. इंदूताईंनी त्याला दुसऱ्या खानावळीचा पत्ता दिला. "आमटीत मीठ जास्त झालं तरी हा सांगायचा नाय," त्या म्हणाल्या.

मी शेजारी राहतो आणि एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या देतो. माणसांना प्रश्न विचारणं हा माझा व्यवसाय. इंदूताईंना तो मान्य नाही. "भाऊ, तुमचे सवाल फारमातले. नाव, वय, राहणार. तेवढ्यावर माणूस कळला असता तर पोलिसांनी सगळा गाव ओळखला असता."

"जेवलात का?" हे त्या कोणालाही विचारत नाहीत. खानावळवालीच्या तोंडी हा प्रश्न नसावा, याचं आळीला नवल वाटतं. त्यांचं म्हणणं वेगळं. "तो सवाल नाय, राम राम हाय. समोरचा व्हय म्हणतो नि पुढं जातो."

त्यांचं माहेर पेणच्या खाडीकडचं, मिठागरावरचं. नवरा धाटावला कंपनीत होता. तो वारल्यावर त्यांनी खानावळ काढली आणि मुलीला शिकवलं. या मुलीला, स्नेहलला, कासूहून स्थळ आलं. मुलाचं नाव प्रशांत. डोलवीला कंत्राटी कामावर होता. तो, त्याचे वडील आणि मामा पाहायला आले. म्हैस व्यायला झाल्यामुळे आई घरी राहिली होती. स्नेहलला मुलगा पसंत पडला, हे तिने पोह्यांची बशी त्याच्यापुढे दुसऱ्यांदा धरली तेव्हाच सगळ्यांना कळलं.

इंदूताईंनी एकच प्रश्न विचारला. "तुझ्या आईला खायला काय आवडतं?"

"आई? आई सगळं खाते," प्रशांत म्हणाला.

"सगळं कोणच खात नाय. इचारून ये. मग पुढचं बोलू."

मामांनी बशी खाली ठेवली. "आमी मुलगी बघायला आलोय, परीक्षेला नाय."

"मग पोहे घ्या अजून."

"फोन लाव रे आईला," वडील म्हणाले.

"फोनवर नाय," इंदूताई म्हणाल्या. "तोंडासमोर बसून इचारायचं."

पाहुणे गेले. स्नेहल स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. "चांगलं स्थळ घालवलंस गो आई," एवढंच तिचं बोलणं मला भिंतीपलीकडे ऐकू आलं. कासूहून निरोप येईना. आळीतल्या बायका समजूत घालायला येऊ लागल्या. इंदूताईंनी त्यांना चहा दिला आणि विषय दिला नाही. स्नेहल आईशी कामापुरतं बोलत होती. ताटं मात्र आपटून ठेवत होती. "यायचा असेल तर येईल," इंदूताई म्हणत. "नाय आला, तर मग माझी पोर तिथं नकोच."

एका रविवारी दुपारी प्रशांत एकटाच गाडीने आला. मी जेवायला बसलो होतो. तो उभ्यानेच सांगू लागला.

"इचारलं, काकी. आईने आधी माझ्या कपाळाला हात लावला, ताप हाय का बघायला. मग म्हणाली, जा, मला काम हाय. मग मी रोज चुलीपाशी जाऊन बसायचो. परवा भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता म्हणाली, जिताड्याचं डोकं."

"मग?"

"घरात जिताडा मासा आला की ते बाबांच्या ताटात जातं. पहिल्यापासून."

"बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, ही कधी बोलली नाय."

इंदूताईंनी गॅस बंद केला. "पुढच्या खेपेला आईला घेऊन ये. डोकं मी ठेवते."

स्थळ पक्कं झालं होतं. मी विचारलं, एवढ्यासाठी लग्न पणाला लावायचं कारण काय? त्या पाटावर बसल्या.

"भाऊ, ह्यांच्या दहाव्याला कावळा शिवेना. कुंडलिका नदीच्या घाटावर झाडभर कावळे, पण पिंडाशी एक येईना. लोक म्हणाले, त्यांच्या मनात काय राहिलंय ते कबूल करा. दीर म्हणाला, पोरीला शिकवू. नाय आला. नणंद म्हणाली, घरावर स्लॅब टाकू. नाय आला. मग सगळे माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मला काय एक सुचेना. सगळा संसार जेवलात का, शिफ्ट कुठली, छत्री घेतलीत का, एवढंच इचारत गेला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला."

मग प्रशांतने विचारलं, "काकी, तुम्हाला काय आवडतं?"

"मला काय. मला सगळं चालतं."

"आई," दारातून स्नेहल म्हणाली, "सगळं कोणच खात नाय."

इंदूताईंनी पदराने कोरडेच हात पुसले. प्रशांत उत्तरासाठी थांबून राहिला. "मी केलेलं नको," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणी केलेलं. गरम. आणि बसून."

साखरपुडा रोह्यातच झाला. मुलीच्या आईने पाहुण्यांच्या आधी जेवायला बसायची पद्धत नाही. प्रशांतने इंदूताईंच्या हातातली पळी काढून घेतली, आपल्या आईच्या शेजारी, पहिल्या पंगतीत त्यांना बसवलं आणि स्वतः वाढायला उभा राहिला. "नवरदेव वाढपी झाला," मामा म्हणाले. ते हसले, पण पापडांची परात घेऊन मागोमाग निघाले.

प्रशांतने वाफाळता भात वाढला, त्यावर वरण घातलं. इंदूताईंनी घास घेतला. सावकाश, खाली बघत खाल्ला. मग मान वर करून त्याला विचारलं, "तू जेवलास का?"

"नाय, काकी."

त्यांनी ताट ओढून घेतलं आणि सतरंजीवर बाजूला सरकल्या. "मग बस."